डाव्या खांद्याने केलेली चुगली : बायोफीडबॅकचा अनुभव (नाशिक)

व्हर्नियर

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. मागे इथल्याच एका डोकेदुखीच्या धाग्यावर दोघातिघांनी 'पुढे काय झालं ते कळवा' म्हटलं होतं, म्हणून हा वेगळा धागा.

वय ४६, अंबडला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. दीड वर्षं डोकं दुखत होतं. मानेपासून सुरुवात, मग डोक्याला पट्टा आवळल्यासारखं. दुपारी तीनला सुरू, पाथर्डी फाट्यावरून घरी पोहोचेपर्यंत शिगेला. चष्मा बदलला, उशी बदलली, एमआरआय काढला. सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट मांडीवर घेऊन दुखरं डोकं धरून बसायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच माहीत. शेवटी न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, "टेन्शन टाइप हेडेक आहे. टेन्शन घेता का?" मी म्हटलं, नाही. आणि खोटं बोलत नव्हतो. ऑफिसात माझी ओळखच थंड डोक्याचा माणूस अशी. कस्टमर ऑडिटच्या दिवशी सगळे सैरावैरा पळतात तेव्हा मी चहा पीत असतो.

त्यांनी गंगापूर रोडच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं. आता हे मला वेड्यात काढणार, असंच वाटलं. गेल्या गेल्या मॅडमनी पंधरा मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. बाहेरून उन्हातून आलाय, अंग खोलीच्या तापमानाला येऊ दे म्हणाल्या. तिथे मी थोडा विरघळलो. आमच्याकडेही पार्ट मोजण्याआधी स्टँडर्ड रूममध्ये ठेवतात, गरम पार्ट मोजला तर माप खोटं येतं.

मग दोन्ही खांद्यांवर, मान जिथे खांद्याला मिळते तिथे, स्नायू किती आखडलाय ते मोजणारे चिकटपट्टीचे सेन्सर. करंगळीला बारीक तापमापक. दोन बोटांना घाम मोजायच्या पट्ट्या. पोटाला श्वासाचा पट्टा. समोर स्क्रीन. मशीन अंगात काहीही सोडत नाही, फक्त वाचतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अंगातले आकडे त्याच क्षणी आपल्यालाच दाखवायचे आणि ते बघत शिकायचं, हेच बायोफीडबॅक.

पाच मिनिटं शांत बसा म्हणाल्या. बसलो. उजवा खांदा ३ मायक्रोव्होल्ट. डावा ११.

मला वाटलं गेजच बिघडलंय. मी म्हटलं, मॅडम, डावी-उजवीकडच्या वायरी आपसात बदलून बघता का? त्या हसल्या, पण बदलल्या. डावा परत ११. म्हणजे गेज बरोबर, पार्टच रिजेक्ट.

पुढे त्यांनी शंभरातून सात सात वजा करत मोठ्याने म्हणायला लावलं. ९३, ८६, ७९... आकडे माझ्या रोजच्या भाकरीचे, फारसं काही हललं नाही. मी मनात खूश. तेवढ्यात टेबलाच्या खणात ठेवलेला माझा फोन थरथरला. वाजला नाही हो, नुसता थरथरला. डाव्या खांद्याचा बार सरळ वर, घामाची रेघ वर, बोटाचं तापमान ३१ वरून उतरायला लागलं ते २८.४ ला थांबलं. आणि मी? मी खुर्चीत शांत बसलेला, चेहऱ्यावर रेषा नाही. मला तर काहीच वाटलं नव्हतं!

मॅडम म्हणाल्या, "वर गेलं ते सोडा, ते सगळ्यांचंच जातं. खाली कधी येतंय ते बघू." घड्याळ लावलं. सहा मिनिटं झाली तरी खांदा जागेवर आला नव्हता. मला दिवसाला चाळीसेक फोन येतात. गणित तुम्हीच करा.

डावाच खांदा का, हे घरी येताना सिग्नलला उभा असताना उमगलं. इन्स्पेक्शन टेबलाशी दोन्ही हातांत पार्ट आणि मायक्रोमीटर असतो, आणि फोन डाव्या कानाखाली दाबलेला. गेली अठरा वर्षं. आता फोन नसतानाही खांदा तो धरूनच बसतो.

सत्रं चालू आहेत. कुणी केलंय का हे?

मिसळ_विथ_दही

मस्त लिहिलंय. पार्ट रिजेक्टला फुटलो 😀

पण शंका अशी की यासाठी मशीन कशाला? रोज पहाटे उठून अनुलोम-विलोम करा, दुपारी फोन बंद ठेवा. फुकटात काम. आपल्याकडे हजारो वर्षं जे होतं ते यांनी वायरी लावून परत विकायला काढलंय.

स्नेहल_फिजिओ

व्हर्नियर, खांदा आणि कानामध्ये फोन धरणारे आमच्याकडे रांगेने येतात. तो ट्रॅपिझियस स्नायू. स्नायू आखडताना त्यात जी विद्युत हालचाल होते, ती त्वचेवरून पकडतात, त्याला सरफेस ईएमजी म्हणतात. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग, त्यामुळे सेन्सर नीट चिकटला नाही तरी आकडा भलताच येतो. वायरी बदलून बघितल्यात ते फार चांगलं केलंत. पेशंट असं कधी करत नाहीत. आम्हीही दरवेळी करतो असं नाही, खरं सांगायचं तर.

हे तंत्र आमच्याकडे उलट्या कामालाही वापरतात. पक्षाघातानंतर मनगट उचलत नसेल तर स्नायूतली बारीकशी हालचाल डोळ्यांनी दिसत नाही, पण स्क्रीनवर रेघ हलते. त्या रेघेवर पेशंटला हुरूप येतो.

मिसळ, स्वतःचा खांदा आखडलाय हे ज्याला कळतं त्याला मशीन नको. यांना कळतच नव्हतं ना! अशा माणसाला 'खांदे सैल सोडा' म्हटलं की तो म्हणतो, सैलच आहेत.

शरीरक्रिया

मी मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

फोन थरथरला तेव्हा दोन वेगवेगळ्या यंत्रणा हलल्या. पहिली मज्जातंतूंची, सिम्पथेटिक. ती सेकंदात पोहोचते. हृदय वेग घेतं, बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात, तळहाताला घाम येतो. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अॅड्रिनलीन सुटतं, पण ते रक्तात दोनेक मिनिटांत निम्मं होतं. दुसरी यंत्रणा संथ. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरीला, तिथून अॅड्रिनल ग्रंथीला निरोप जातो आणि कॉर्टिसॉल वाढतं. ते शिखराला पोहोचायलाच वीस-तीस मिनिटं घेतं आणि निम्मं व्हायला तासभर किंवा जास्त. म्हणजे फोन दोन मिनिटांचा, पण त्याचं बिल तास-दीड तास चालू. पुढचा फोन त्याआधी आला की बिलावर बिल. मॅडमनी 'खाली कधी येतंय' विचारलं, तिथेच मला त्या आवडल्या.

'लढा किंवा पळा' ही कल्पना हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांची. त्यांची सुरुवात मांजरांपासून झाली. १९ व्या शतकाच्या अखेरीस, क्ष-किरण नवेनवे असताना, ते मांजरांना क्ष-किरणांत दिसणारं बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन जठराची हालचाल बघत. मांजर चिडलं की जठर जागच्या जागी थांबायचं. शांत झालं की परत सुरू. कॅन्टीनमध्ये साहेबांचा फोन कानाला लावून जेवणाऱ्यांनी हे मांजर लक्षात ठेवावं. पुढे १९३६ साली हान्स सेल्ये यांनी 'नेचर'मध्ये जेमतेम पानभर मजकुरात मांडलं की थंडी, इजा, विष, कशानेही गांजलं तरी उंदरांच्या शरीरात ठरावीक बदल होतात. अॅड्रिनल ग्रंथी सुजतात, थायमस आक्रसते, जठरात व्रण पडतात. 'स्ट्रेस' हा शब्द शरीराच्या संदर्भात घरोघरी पोहोचला तो त्यांच्यामुळे.

बोटाचं तापमान का मोजतात? बोटातल्या रक्तवाहिन्यांवर ताबा जवळजवळ एकट्या सिम्पथेटिकचा. पाय गॅसवरून काढला की गाडी हळू होते तसं, तिचा जोर ओसरला की रक्त येतं आणि बोट गरम होतं. रक्तदाबासारखं दहा गोष्टींचं मिश्रण नाही, म्हणून वाचायला सोपं.

बापू_पंचवटी

आमच्याकडे गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे की! गोदेला पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, पाणी कुठवर? गुडघ्याला, कमरेला, छातीला. गंगापूर धरणातून किती क्यूसेक सोडलं ते पेपरात येतं, पण सामान्य माणसाला आकडा कळत नाही, मारुतीची कंबर कळते. मारुती पूर अडवत नाही. पण कमरेला पाणी लागलं की काठावरचे दुकानदार माल उचलायला लागतात. तुमचा डावा खांदा म्हणजे तुमचा मारुती, एवढंच मला समजलं. चूक असेल तर सांगा. वय ७४.

व्हर्नियर

बापूकाका, दंडवत. मॅडमना सांगतो हे.

संशयात्मा

सगळे माना डोलवताहेत म्हणून दोन कडू गोष्टी.

एक, या शास्त्राचा पायाच डळमळीत होता. १९६० च्या दशकात नील मिलर या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने क्युरारी नावाच्या विषाने लुळे केलेल्या उंदरांना बक्षीस देऊन हृदयाची गती कमी-जास्त करायला शिकवल्याचे निकाल छापले. जगभर गाजले. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत ते परत येईनात. त्यांनी ते उघडपणे मान्य केलं, हा त्यांचा मोठेपणा. पण तोवर १९६९ मध्ये बायोफीडबॅकवाल्यांची संघटना उभी राहिली होती आणि गाडी सुटली होती.

दोन, या नावाखाली काय काय विकतात! माझ्या वहिनीने एका प्रदर्शनात 'क्वांटम' मशीनवर तपासणी केली. हातात पितळी दांडी धरायची, दोन मिनिटांत यकृतापासून व्हिटॅमिनपर्यंत पाऊण इंच जाडीचा रिपोर्ट. वर तीन महिन्यांच्या पावडरी. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो. फॉर्ममध्ये लिंग 'स्त्री' भरलं. रिपोर्ट आला. माझं गर्भाशय उत्तम आहे.

मिसळ_विथ_दही

अभिनंदन 🙏

शरीरक्रिया

संशयात्मा, दुसऱ्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर. त्याचा आणि बायोफीडबॅकचा काहीही संबंध नाही. खऱ्या बायोफीडबॅकमध्ये एकच ठरावीक गोष्ट, स्नायू, तापमान, घाम, नाडी, त्या क्षणी मोजून तुम्हालाच दाखवतात. तिथे रोगनिदान नसतं आणि पावडर तर नसतेच.

पहिल्या मुद्द्यात मिलर यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. पण उंदरांवरून उतरून माणसांवर जे झालं ते वेगळं मोजावं लागतं, आणि तिथे निकाल सरमिसळ आहे. टेन्शनची डोकेदुखी आणि अर्धशिशी, इथे पुरावा चांगला. रक्तदाबात परिणाम होतो, पण माफक. रेनो म्हणून एक आजार असतो, गारठ्यात बोटं पांढरी पडतात. त्यात बोट गरम करण्याचा सराव उपयोगी पडायलाच हवा असं वाटतं ना? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रक्तवाहिन्या सैल करणारी निफेडिपिनची गोळी सरस ठरली, सरावाचा म्हणावा तसा फायदा दिसला नाही. चंचल मुलांसाठी मेंदूच्या लहरी दाखवणारं न्यूरोफीडबॅक जोरात विकलं जातंय. तिथे उपचार कुणाला मिळाला हे ठाऊक नसलेल्यांनी गुण दिले की फायदा बराच ओसरतो. कॉलेज रोडवर पाटी दिसली म्हणून लगेच पैसे भरू नका.

मिसळ, तुमच्या हजारो वर्षांबद्दल. योगाला वायरी पहिल्यांदा परदेशी लोकांनी लावल्या नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते मोजमापासाठीच. उड्डियान आणि नौली या पोट आत ओढायच्या योगक्रिया करताना पोटात हवेचा दाब किती उतरतो, हे त्यांनी दाबमापक आणि क्ष-किरणांनी तपासलं. त्या निर्वात स्थितीला गुरूंवरून 'माधवदास व्हॅक्यूम' नाव दिलं. योगावर विश्वास असलेल्या माणसानेच मोजायला घेतलं होतं, हे मला फार भावतं.

दिंडोरीकर

राम राम मंडळी. मी शेतकरी माणूस, चार एकर द्राक्ष. धागा दोनदा वाचला.

ऑक्टोबर छाटणी झाली, बाग पोंग्यात आली आणि आभाळ भरलं की माझी झोप उडते. डावणीची बुरशी येणार, फवारणीला रात्री उठायचं, औषधाची उधारी वेगळी. रात्री दोनला नुसतं गडगडलं तरी छातीत धडधड. बायको म्हणते, ढग तरी झोपत असेल, तुम्ही नाही. डॉक्टरकडे बीपी १६० येतं, घरी मशीनवर १३८. गोळी चालू आहे. डॉक्टरकडचा आकडा खरा का घरचा? आणि आमच्यासारख्याला हे वायरीचं दर आठवड्याला नाशिकला येऊन कसं जमणार? बिनमशीनचं काही आहे का?

शरीरक्रिया

दिंडोरीकर दादा, दोन्ही आकडे खरे. दवाखान्यात पांढरा कोट बघून दाब वाढतो, पुष्कळांचा वाढतो. घरचे सकाळ-संध्याकाळचे आठवडाभराचे आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळीचा निर्णय ते घेतील. श्वासाच्या सरावाने बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही, हे ठळक अक्षरांत समजा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनीही असा सराव सुरू करताना डॉक्टरांना सांगावं, साखरेवर परिणाम होऊ शकतो.

बिनमशीनचं आहे. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मनगटावर बोट ठेवून बघा, तरुणांत सहज कळतं. मिनिटाला साधारण सहा श्वास, म्हणजे घ्यायला-सोडायला मिळून दहा सेकंद, असा वेग ठेवला की हा चढउतार सर्वांत मोठा होतो. रक्तदाब सावरणारी शरीराची जी यंत्रणा आहे, तिचा ताल आणि श्वासाचा ताल तिथे जुळतो. झोका नेमक्या क्षणी ढकलला की उंच जातो, तसं. कुणाचा ताल साडेपाचला जुळतो, कुणाचा साडेसहाला. मशीनचा उपयोग तो नेमका शोधायला. बाकी घड्याळाचा सेकंदकाटा पुरतो. ओढून ताणून खोल घेऊ नका, हलकाच घ्या, नाहीतर चक्कर येईल.

बापूकाकांसाठी खास. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या संशोधकांचा लेख आला होता. लॅटिनमधली मारियाची जपमाळ आणि 'ॐ मणि पद्मे' मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला.

बापू_पंचवटी

म्हणजे आमची आई माळ ओढायची ते उगीच नाही. मी आत्ताच नातवाला समोर बसवून श्लोक म्हटले, तो श्वास मोजत होता. मिनिटाला आठ निघाले. हळू म्हणायला हवं. रामनवमीची घाई अंगात मुरलीय.

जुई_नाशिकरोड

इथे लिहायला जरा संकोच वाटतोय, पण कुणाला उपयोग होईल. मला कितीतरी वर्षं बद्धकोष्ठता. इसबगोल, एरंडेल, त्रिफळा, सगळं करून झालं. तपासणीत कळलं की पोट ढकलत असतं तेव्हाच खालचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळत होते. म्हणजे दार बंद करून आतून धक्के मारायचे. ते स्नायू स्क्रीनवर बघत सैल सोडायला शिकवलं, तेही बायोफीडबॅकच. सहा सत्रं लागली. पहिल्या दिवशी लाजेने मेले होते, सहाव्या दिवशी पेढे घेऊन गेले. त्या ताईंनी विचारलं, कसले पेढे? काय सांगणार!

स्नेहल_फिजिओ

जुई, लिहिलंत ते फार बरं केलंत. या प्रकारच्या बद्धकोष्ठतेत बायोफीडबॅक रेचकांपेक्षा चांगलं ठरलंय. बाळंतपणानंतर शिंकताना-खोकताना लघवी सुटते त्यांनाही ओटीपोटाखालचे स्नायू ओळखायला याची मदत होते. बायका वीस-वीस वर्षं गप्प बसतात.

व्हर्नियर

सात आठवड्यांनी धागा वर काढतोय.

सगळ्यात अवघड गेलं ते बोट गरम करणं. पहिल्या दिवशी म्हटलं, करून दाखवतो. लक्ष केंद्रित केलं, दात आवळले. २९.६ वरून २८.९. जितका जोर लावावा तितका आकडा खाली. आयुष्यात पहिल्यांदा असं टार्गेट मिळालं की जे पाठीमागे लागल्याने लांब पळतं. मॅडम म्हणाल्या, आकड्याकडे बघा, पण त्याच्याकडून काही मागू नका. मला हे वाक्य तेव्हा फालतू वाटलं होतं. तिसऱ्या सत्रात मी कंटाळून खिडकीबाहेरच्या सायकलवाल्या पोराकडे बघत बसलो. चेन पडली होती, तो काडीने बसवत होता. त्याची चेन बसली आणि मी स्क्रीनकडे पाहिलं तर ३३.१.

खांद्याला नवीन सवय लावली. फोन थरथरला की उचलायच्या आधी एक श्वास पूर्ण सोडायचा, मग हात घालायचा. पाचव्या सत्रापासून मॅडमनी स्क्रीन माझ्याकडून फिरवली. खांदा किती असेल ते मी सांगायचं, मग त्या आकडा वाचणार. आधी मी ३ सांगायचो आणि निघायचे ९. परवा ५ सांगितलं, ५.४ निघालं. मोबदल्यात पुढची सत्रं महिन्याला एक.

डोकं आधी आठवड्यातून पाच दिवस दुखायचं, आता एक किंवा दोन. गेल्या गुरुवारी मात्र जोरात दुखलं. लाइन रिजेक्शन होतं.

संशयात्मा

आनंद आहे. पण दरम्यान हेडफोनही घेतलात ना? मग गुण मशीनचा, श्वासाचा, का कानाखालून फोन गेल्याचा?

व्हर्नियर

पकडलंत. ब्लूटूथ हेडसेट दुसऱ्याच आठवड्यात घेतला. दोन गोष्टी एकदम बदलू नयेत हे मी स्वतः ट्रेनींना शिकवतो. मॅडमनाही विचारलं, त्या म्हणाल्या, हेडसेट परत करून बघता का? म्हटलं, नको.

दिंडोरीकर

शरीरक्रिया मॅडम, श्वासाचं सेकंदकाट्यावर करतोय. झोप येते, पण बहुतेक मोजता मोजताच लागते, शेवटपर्यंत गेलो नाही अजून. वही चालू आहे. व्हर्नियर भाऊ, ते बोटाचं तापमापक घरी आणता येतं का? आमच्या फवारणीच्या टाकीचं आहे एक, वायरीवालं.

व्हर्नियर

दादा, वायरीच्या टोकाला बारीक सेन्सर असलेलं डिजिटल थर्मामीटर चालतं. फ्रिजसाठी विकतात तसलं. सेन्सर बोटाच्या पेराला कागदी चिकटपट्टीने हलकं चिकटवा, आवळू नका, रक्त अडलं तर बोट गारच राहणार. आणि फवारणीच्या टाकीतलं नको हो, नवीन घ्या.

दिंडोरीकर

बायकोच्या बोटाला लावलं, २४.८ आलं. फार टेन्शनमध्ये आहे का ती?

शरीरक्रिया

लावायच्या आधी काय करत होत्या?

दिंडोरीकर

भांडी घासत होती. टाकीचं पाणी, डिसेंबर.

व्हर्नियर

पंधरा मिनिटं बसवा त्यांना. मग मोजा. आणि राहिलेली भांडी तुम्ही घासा.